‘लेडी बी गुड’ विमानाच्या साधनांची छाननी

दुसऱ्या महायुद्धांत, ४ एप्रिल १९४३ रोजीं, लिबियांतील सोलुख येथून नेपल्सवर गेलेलें ‘लेडी बी गुड’ हें अमेरिकन बाँबफेकें विमान परत आलें नाहीं. शोध समुद्रावर झाला व विमान भूमध्य समुद्रांत बुडालें असावें असा दप्तरी निर्णय ठरला. १९५८ च्या नोव्हेंबरांत तेलाचा शोध करणाऱ्यांस तें सोलुखपासून चारशेंहून अधिक मैल आग्नेयेस, वाळवंटांत पडलेलें दिसलें.

यावरून दप्तर खोटें होतें असें म्हणणें सोपें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. बेनिना येथील बिनतारी ठाण्यानें मध्यरात्रीनंतर विमानास ३३० अंशांची दिशा कळविल्याची नोंद आहे. नोंद समकालीन आहे व आंकडाही बरोबर आहे. परंतु तेथील एकेरी वलयाच्या यंत्रास संदेश पुढून येतो कीं मागून हें ओळखतां येत नसे. ३३० अंशांची रेषा मागें वाढविली कीं तीच १५० अंशांची होते. विमान नेपल्सहून, म्हणजे वायव्येकडूनच, येत असलें पाहिजे ही समजूत नोंदींतली नव्हे, वाचणाऱ्याची होय. विमान ठाण्यावरून केव्हांच पुढें गेलें होतें.

दुसरें साधन सहवैमानिक टोनर याची रोजनिशी. ही १९६० च्या फेब्रुवारींत, उतरल्या जागेपासून सुमारें ८० मैलांवर, पांच देहांबरोबर सांपडली. मोहिमेंतील विमानें ती २८ सांगते. अन्यत्र २५ आढळतात. शिवाय रात्रीं दोन वाजतां वाळवंटांत उतरल्याचा मजकूर तींत रविवार ४ तारखेखालींच आहे. घड्याळाप्रमाणें तेव्हां ५ तारीख लागली होती. सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या आमच्या शकावलीकारांनीं तरी यास दोष देऊं नये! ऐकीव संख्येंत लेखक चुकला असेल. स्वतः भोगलेल्या गोष्टींत त्याची साक्ष पक्की आहे. अर्ध्या बाटलीभर पाण्यांतून रोज एक टोपण, हा हिशेब कोण कशास रचील? नऊ जणांपैकीं एक साथी उडी घेतल्यावर सांपडला नाहीं असें तो लिहितो. त्याच साली ऑगस्टांत त्या साथ्याचा देह नीट न उघडलेल्या हवाई छत्रीसह मिळाला. लेखकास हें कधींच कळलें नव्हतें, म्हणून या मेळास आम्ही अधिक किंमत देतों.

तिघे मदतीच्या शोधार्थ पुढें निघाल्याचेंही रोजनिशींत आहे; तिची अखेरची नोंद १२ एप्रिलची. त्या तिघांपैकीं दोघांचे देह १९६० च्या मे महिन्यांत आणखी उत्तरेस मिळाले. तिसऱ्याचा देह अद्याप निश्चितपणें ओळखला गेलेला नाहीं.