लॉगबुकात बाई कुठे आहे?

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय आणि विषय शोधताय. आपण पेपर वाचतो, फॉर्म मात्र वाचत नाही. आज एक फॉर्म वाचूया.

माझी कल्याणची एक मैत्रीण एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं प्रसूती-स्त्रीरोगाचं लॉगबुक मी डोंबिवली ते ठाणे लोकलमध्ये (उभ्यानेच, अर्थात) चाळलं. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला, त्याचं हे अपत्य. कल्पना चांगली आहे. नुसतं माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, स्वतः करणं अशा पायऱ्या आहेत. जॉर्ज मिलरने १९९० साली मांडलेल्या पिरॅमिडची ही भावंडंच. आधी पुतळ्यावर हात बसवायचा, मग पेशंटकडे जायचं. पूर्वीच्या 'बघून शीक' पद्धतीपेक्षा हे कितीतरी बरं, यात वाद नाही.

आता रकाने बघा. कौशल्याचा क्रमांक, तारीख, पहिला प्रयत्न की पुन्हा केलेला, अपेक्षेइतकं जमलं की कमी, शिक्षकांची सही, विद्यार्थ्याची सही. संपलं. जिच्यावर हे कौशल्य शिकलं, ती बाई एकाही रकान्यात नाही.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे वैद्यकीय बाजूवर बोलत नाही. माझा आक्षेप मापनाचा आहे. इथे मोजण्याचं एकक विद्यार्थी आहे. समजा वर्गात १०० जण आहेत आणि प्रत्येकाला कळा सुरू असलेल्या बाईची आतून तपासणी पाच वेळा करायची आहे (आकडा माझा, उदाहरणापुरता). म्हणजे ५०० तपासण्या. त्या किती बायकांमध्ये वाटल्या गेल्या? ५०० की ५०? दोन्ही उत्तरांना लॉगबुक अगदी सारखंच दिसेल.

फरक मात्र मोठा आहे. सर्वसाधारण, जोखीम नसलेल्या बाईची कळांच्या सक्रिय टप्प्यात दर चार तासांनी आतून तपासणी पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकाच बाईला अनेकांनी तपासणं टाळा, असंही सांगते, कारण त्यातून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिकवण्याच्या रुग्णालयांत हे सर्रास होतं, हे तिलाही ठाऊक आहे. माझ्या मावसबहिणीची पहिली डिलिव्हरी मुंबईतल्या अशाच एका रुग्णालयात झाली. "किती जणांनी तपासलं ते मोजायचं मी सोडून दिलं," ती म्हणाली. दुसऱ्या कुणी मोजत नव्हतंच.

याच संघटनेचा २०२० चा 'लेबर केअर गाइड' शेजारी ठेवून बघा. जुन्या पार्टोग्राफच्या जागी आलेला हा तक्ता. सोबत कोणी आहे का, वेदना कमी करायला काही दिलं का, काही प्यायली का, याला तिथे रकाने आहेत. निर्णय मिळून घेण्याचाही भाग आहे. एक कागद बाईचा, दुसरा विद्यार्थ्याचा. दोन्ही एकाच खाटेपाशी भरले जातात, पण एकमेकांना कधी भेटत नाहीत. तुमचा प्रश्न इथे आहे: दोन्ही नोंदी एका केसपेपर क्रमांकाने जोडल्या, तर काय दिसेल?

विद्यार्थ्यांना लेबर रूमबाहेर काढा, असं म्हणत नाहीये हं. कळव्याला ठाणे महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून किंवा आणखी कुठून शिकलेला एखादा डॉक्टर उद्या मुरबाडकडच्या दवाखान्यात रात्री एकटा असेल. त्याचा हात तयार हवाच.

मैत्रिणीच्या लॉगबुकात एक ओळ अर्धवट होती. विचारलं तर म्हणाली, "ती बाई म्हणाली, नको गं आता, लई दुखतंय. मी मागे झाले." तारीख लिहिलेली, पुढे सही नाही. ती तपासणी तिला पुन्हा दाखवायची आहे.