पहिल्या पानावर कोण बोलतं?

कादंबरी कुठून सुरू करायची, हा प्रश्न मराठीत अलीकडे चुकीच्या बाजूनं विचारला जातो. लेखन-कार्यशाळांत, मुलाखतींत, नव्या लेखकांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांत एकच अपेक्षा ऐकू येते : पहिल्याच वाक्यात वाचकाला पकडा. मग पहिल्या ओळीत खून होतो, फोन वाजतो, नायिका घर सोडते आणि पाचव्या पानापर्यंत त्याचा जोर ओसरतो. माझ्या मते सुरुवात करताना मुख्य निर्णय एकच असतो. हे कोण सांगतंय आणि कुणाला? घटना कोणती, वेळ कोणती, गाव कसं दाखवायचं, हे सगळं त्याच्या मागून येतं. मराठीतल्या ज्या सुरुवाती आजही लक्षात आहेत, त्यांच्या लेखकांनी हा निर्णय स्पष्टपणे घेतलेला दिसतो.

1857 साली बाबा पद्मनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिली तेव्हा विधवांची स्थिती लोकांपुढं मांडणं हाच त्यांचा हेतू होता. लेखक सुधारकाच्या जागेवरून बोलत होता. पुढं नियतकालिकांचा काळ आला. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’तून आली, आणि हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू करून तिच्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. क्रमशः लेखनातली एक अडचण आपण विसरून जातो. पहिलं प्रकरण एकदा वाचकाच्या हाती गेलं की लेखकाला मागं वळता येत नाही. आज आपण दहावा खर्डा करताना निवेदक बदलतो, हरिभाऊंना ती सोय नव्हती. तरीही पंचविशी नुकती ओलांडलेल्या या लेखकानं अख्खी कादंबरी यमूच्या तोंडी दिली. स्वतःचं आयुष्य लहानपणापासून सांगणारी एक बाई, ऐकणारा तिच्या काळातला शिकलेला समाज, आणि तिला त्या समाजाबद्दल काय वाटतं ते शीर्षकातच आलेलं. हा निर्णय किती मोठा होता हे कळायचं असेल तर तीच कथा तृतीयपुरुषी निवेदनात कल्पून पाहावी. ती एका दुःखी स्त्रीची हकिकत होईल, आणि हरिभाऊंच्या दयाबुद्धीचं दर्शन. बस्स, त्यापलीकडे काही नाही.

‘पकडा’ या सल्ल्याचं मराठी मूळ मात्र फडक्यांच्या तंत्रविचारात आहे. ‘प्रतिभासाधन’ 1931 मध्ये आलं आणि कथा-कादंबरीची रचना शिकता येते, आकर्षक प्रारंभ घडवता येतो, ही कल्पना रुजली. फडक्यांचं ऋण नाकारण्यात अर्थ नाही. त्यांनी लेखकाला वाचकाची कदर करायला शिकवलं. पण तंत्र म्हणून पाहिलं की सुरुवात हे दारावरचं तोरण होतं, घराशी त्याचा संबंध उरत नाही. त्याच दशकात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’त अगदी वेगळी वाट धरली. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो. ऐकणारे आधी जमतात आणि मग गोष्ट सुरू होते. म्हणूनच त्या पुस्तकातला गहिवर कृत्रिम वाटत नाही. कुणाला सांगतोय, हे पहिल्यापासून माहीत आहे.

साठच्या दशकात दोन सुरुवाती अशा आल्या की त्यांची सावली अजून हटलेली नाही. पहिली ‘कोसला’ची. 1963 साली पांडुरंग सांगवीकरनं पहिल्याच परिच्छेदात आपलं नाव सांगितलं, वय पंचवीस सांगितलं, आणि यापेक्षा फार काही सांगण्यासारखं नाही असाच सूर लावला. यात धक्का कुठं होता? तो घटनेत नव्हताच. मराठी कादंबरीतला नायक तोवर वाचकाची मर्जी राखत आला होता. पांडुरंगला ती नको होती. खानदेशातला शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात शिकायला येतो आणि पुण्याच्या भाषेची, व्याख्यानांची, निबंधी वळणाची टर उडवत आपली कथा सांगतो, हे सगळं त्या पहिल्या परिच्छेदाच्या लयीत आधीच ऐकू येतं. पुढची तीनशे पानं त्या लयीचाच विस्तार आहेत.

दुसरी ‘मृत्युंजय’ची, 1967 ची. कर्ण बोलायला लागतो आणि मेलेला माणूस बोलतो कसा, हा वाचकाच्या मनातला प्रश्न स्वतःच उच्चारतो. शिवाजी सावंतांना पुढं कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण यांनाही बोलतं करायचं होतं. तो करार त्यांनी पहिल्या पानावरच वाचकाशी केला. त्याआधी 1959 मध्ये खांडेकरांच्या ययातीनंही आपली कहाणी आपण का सांगतोय या संभ्रमापासूनच सुरुवात केली होती. पौराणिक माणसाला आधुनिक कबुलीजबाब द्यायला लावायचा तर त्यानं बोलण्याचं कारण सांगायला हवं, हे दोघांनाही उमगलं होतं.

नंतरच्या लेखकांनी या दोन्हींतून फक्त साचा उचलला. चाळीस-पन्नास वर्षं आपण नाव-वय सांगणारे, जगाला कंटाळलेले तरुण निवेदक वाचतो आहोत. त्यांच्याजवळ पांडुरंगचा वैताग आहे, त्याचं गाव नाही. आणि पुराणातल्या कुणाही व्यक्तीला पहिल्या पानावर ‘आता मला बोललंच पाहिजे’ म्हणायला लावायची प्रथाच पडली. सावंतांच्या कर्णाला बोलण्याचं कारण होतं, कारण आयुष्यभर त्याचं कूळच त्याच्यापासून लपवलं गेलं होतं. ज्या पात्राबद्दल काही लपवलेलंच नाही ते बोलून काय उघड करणार?

मराठीत सुरुवातीचा सर्वांत अवघड निर्णय भाषेचा असतो, आणि समीक्षेनं त्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही. निवेदन प्रमाण मराठीत करायचं की बोलीत? हे पहिल्या वाक्यातच ठरतं. समजा, ऊसतोड कामगारांच्या मुलीवर कादंबरी लिहायची आहे. अनेक हस्तलिखितं जशी सुरू होतात तशी एक सुरुवात मीच करून पाहतो : ‘पहाटेचा गार वारा सुटला होता. पूर्वेला तांबडं फुटत होतं. फडात कोयत्यांचा आवाज येत होता.’ यात चूक काहीच नाही, पण हे कुणीच बोलत नाही. आता दुसरी : ‘सुमन जन्मायच्या आधीच तिच्या बापानं मुकादमाकडून उचल घेतली होती.’ इथं हिशेब ठाऊक असलेला एक निवेदक आला. तो मुकादमाच्या वहीत डोकावू शकतो, कारखान्याच्या कचेरीत जाऊ शकतो, पण सुमनच्या कोपीत तो पाहुणाच राहणार. तिसरी : ‘मी पोटात व्हते तवाच बापानं मुकादमाची उचल घेतली व्हती.’ घटना तीच. पण आता सुमन बोलते आहे, आणि जन्माआधीची गोष्ट तिला कुणीतरी सांगितलेली असणार. म्हणजे आई न बोलावता पहिल्या वाक्यात येऊन बसली. त्याबरोबर बंधनही आलं. सुमन जिथं जाणार नाही तिथं कादंबरीला जाता येणार नाही, आणि ही बोली शेवटच्या पानापर्यंत सांभाळावी लागेल. मधेच लेखकाची भाषा शिरली की वाचकाच्या ते लगेच लक्षात येतं.

1971 मध्ये आलेल्या दोन कादंबऱ्यांनी हे ओझं पूर्ण उचललं. रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’त पार्वती मराठवाडी बोलीत सांगते आणि आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त शेतमजूर नारबा कोल्हापुरी वळणाच्या बोलीत. मुंबईच्या नाक्यावर भाऊ पाध्यांनी ते आधीच केलं होतं. 1965 च्या ‘वासूनाका’त पोक्या बोलतो तसंच निवेदन चालतं, म्हणून त्या पुस्तकावर एवढं वादळ उठलं. तो मजकूर लेखकानं दुरून, नापसंतीच्या सुरात लिहिला असता तर फारसं कुणी रागावलं नसतं. पुढं ग्रामीण कादंबरीत तडजोड रूढ झाली : निवेदन प्रमाण, संवाद बोलीत. ही तडजोड वाईट नाही. धाकदपटशानं प्रत्येकाला बोलीत लिहायला लावावं असं माझं म्हणणं नाही. पण ती सवयीनं होते, निर्णय म्हणून नाही, आणि मग शेतकऱ्याच्या मनातलं दुःखही मास्तरच्या भाषेत उतरतं.

मास्तरची भाषाच हवी असेल तर ‘बनगरवाडी’ पाहावी. 1955 ची ही छोटी कादंबरी सुरुवातीच्या कलेचा मराठीतला सर्वांत स्वच्छ नमुना आहे, असं मी मानतो. औंध संस्थानातला एक कोवळा शिक्षक नेमणुकीच्या गावी पायी निघालाय. गाव धनगरांचं, थोड्या घरांचं. माडगूळकरांनी निवेदक असा निवडला की त्याला त्या मुलखाची भाषा कळते, पण वाडीचं जगणं कळत नाही. त्यामुळं वाट, माळ, घरं, माणसं सगळं प्रथमच दिसतं, आणि वर्णनासाठी वेगळी जागा काढावी लागत नाही. शिक्षक चालतो तसं वाचकालाही दिसत जातं. शाळा चालेल का, मेंढरं राखणारी पोरं येतील का, हा साधा प्रश्न त्याच्याबरोबर चालत असतो. दुष्काळानं वाडी उठते तोवर पुस्तक याच नजरेला जागतं. पहिल्या पानावर कुठलाही नाट्यमय प्रसंग नाही आणि पुस्तक खाली ठेववत नाही.

एखाद्याच्या जाण्यानं झालेली सुरुवातही मराठीत ताकदीची ठरली आहे. शंकर पाटलांच्या ‘टारफुला’त पाटलाच्या मृत्यूनं गावाचा धाक उठतो, आणि जो आवाज नाहीसा झाला त्याच्याभोवती सत्तेची सगळी कथा फिरते. अण्णा भाऊंच्या ‘फकीरा’त फकीराची कर्तबगारी यायच्या आधी बाप राणोजी जोगिणी आणायला जातो आणि जिवाला मुकतो. नायकाला आपली जागा वारशानं मिळते, लेखकाच्या घोषणेनं नाही.

आजचं चित्र संमिश्र आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांत पहिल्या पानाआधीच लांब मनोगत असतं, संदर्भ जमवताना किती कष्ट पडले ते सांगितलेलं असतं आणि निवेदकाचा आवाज लागायच्या आत लेखकाचा आवाज कानात बसतो. शहरी कादंबरीत कॅफे, लोकल, स्क्रीनवरचा मेसेज ही नवी पहाट झाली आहे. तांबडं फुटण्याची जागा नोटिफिकेशननं घेतली, एवढंच. दुसरीकडे कविता महाजनांच्या ‘ब्र’मध्ये सामाजिक संस्थेत काम करणारी बाई स्वतःच्या कोंडीतून बोलू लागते आणि ग्रामपंचायतींतल्या बायकांचे आवाज तिच्यामार्फत आत येतात. ऐकणारी आणि सांगणारी एकच असल्यानं ती कादंबरी अहवाल होत नाही. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’मध्ये धरणानं उठवलेल्या गावाकडे राहिलेल्या म्हशीच्या शोधात माणूस परत जातो. विस्थापनासारखा मोठा विषय लेखकानं एका कामाच्या हाती दिला आहे. शाम मनोहर तर साध्या, तुटक, चौकस वाक्यांनी असा सूर लावतात की दोन ओळींत लेखक ओळखू येतो. आपल्याकडे क्षमता आहे. ती पकडीच्या हट्टात वाया जाऊ नये.

म्हणून संपादकांना एक विनंती. हस्तलिखित हातात आलं की सुरुवात आकर्षक आहे का असं विचारू नका. तुमच्या पात्राचा आवाज तुम्हाला पहिल्यांदा कुठल्या पानावर ऐकू आला, असं लेखकाला विचारा. बहुतेक वेळा ते पान पंधरावं किंवा तिसावं निघतं. तिथून कादंबरी सुरू करा आणि आधीची पानं निर्धास्त काढून टाका. ती लेखकाला लागली होती, वाचकाला लागत नाहीत. आणि वाचकांनो, दुकानात नवी कादंबरी हातात घ्याल तेव्हा मलपृष्ठावरची स्तुती वाचू नका. पहिली दोन पानं तिथंच उभ्यानं वाचा. कोण बोलतंय हे कळलं तर पुस्तक घरी न्या.