त्रिमिती चित्रपटातील औचित्य

त्रिमिती चित्रपटाचे मूल्यमापन करताना पडद्याबाहेर काय आले, याचीच गणना बहुधा होते. 'हाउस ऑफ वॅक्स' (१९५३) मध्ये फळीला रबरी दोरीने बांधलेला चेंडू प्रेक्षकांच्या अंगावर येतो. तो चमत्कार खरा. परंतु कथानकास त्याची गरज नाही.

आल्फ्रेड हिचकॉकचा 'डायल एम फॉर मर्डर' (१९५४) या संदर्भात अभ्यसनीय आहे. फ्रेडरिक नॉटच्या नाटकावर आधारलेले हे कथानक बहुतांशी एकाच दिवाणखान्यात घडते. दोन डोळ्यांसाठी दोन भिन्न प्रतिमा घेण्याच्या तंत्राने येथे मेज, दिवे व पात्रे यांमधील अंतर प्रत्ययास येते. पडद्याची मर्यादा मात्र ठळकपणे दोनदाच ओलांडली जाते : गळा आवळला जात असता मार्गोचा आधारासाठी प्रेक्षकांकडे पसरलेला हात, आणि पुढे इन्स्पेक्टरने समोर धरलेली किल्ली. त्या हाती कात्री लागते व पतीचा बेत फसतो. किल्लीने त्याचा अपराध सिद्ध होतो. चमत्कार येथे कथेच्या निर्णायक क्षणांपुरता राखला आहे.

अग्रभागी मांडलेले दिवे काही ठिकाणी केवळ शोभेचे उरतात, हा दोष मानावा लागेल. तथापि बहुसंख्य प्रेक्षकांनी हा चित्रपट सपाट रूपातच पाहिला. म्हणून 'चित्रित नाटक' ही त्याची संभावना पुनर्विचारास पात्र ठरते.