गुलाब, जुलाब आणि एकच प्याला

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, अंबडच्या आमच्या घरी पुण्याहून आलेला पुतण्या ओट्याशी काहीतरी करत उभा होता. ओट्यावर उंच काचेचा पेला, बर्फ, लिंबाची फोड, भिजवलेला सब्जा आणि माझ्या बायकोनं नवरात्रात करून ठेवलेल्या गुलाबाच्या सरबताची बाटली. दुसरी बाटली त्यानं डब्यांच्या मागं सरकवली होती. माझी आई ८३ वर्षांची. ती दारात येऊन म्हणाली, "काय करायलास रे?" तो म्हणाला, "सरबत, आजी." आई "बरं" म्हणून देवघराकडं गेली. मी तिथंच होतो आणि गप्प राहिलो.

हा पुतण्या माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ २००९ साली दारूनं गेला. आमच्या घरात ही गोष्ट यापेक्षा लांब कुणी सांगत नाही. त्यामुळं "सरबत" हे उत्तर माझ्या मनात अडकून बसलं. पुतण्या खोटं बोलला का? मी पेशानं अभ्यासक नाही. जालन्याला बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली. कोश आणि जुनी पुस्तकं वाचायची सवय मात्र आहे. एखादा शब्द अडला की मी त्याच्या मागं जातो. या लेखात त्या एका उत्तराची झडती घ्यायची आहे.

सुरुवात 'गुलाब' या शब्दापासूनच करू. फारसीत 'गुल' म्हणजे फूल, मुख्यतः गुलाबाचं फूल, आणि 'आब' म्हणजे पाणी. म्हणजे 'गुलाब' हे मुळात फुलाचं नव्हे, गुलाबपाण्याचं नाव. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं, आणि मग पाण्यासाठी 'गुलाबपाणी' असा दुहेरी शब्द करावा लागला. अरबीत 'ग' नाही, म्हणून तिथं 'गुलाब'चा 'जुलाब' झाला. अरबी वैद्यकात हा गोड, सुवासिक पाक कडू औषध पोटात उतरवण्यासाठी वापरत. पोट साफ करणारी औषधंही त्यातूनच दिली जात, आणि मराठीत शेवटी तेवढाच अर्थ उरला. ज्या शब्दाला आपण जेवताना तोंडातून बाहेर पडू देत नाही, तो गुलाबाचा सख्खा भाऊ आहे.

हाच 'जुलाब' लॅटिनमधून युरोपात गेला आणि तिथल्या औषधी दुकानांत 'ज्युलेप' झाला. अठराव्या शतकात अमेरिकेत लोक त्या गोड पाकात कडक दारू आणि पुदिना घालू लागले. आज 'मिंट ज्युलेप' हे कॉकटेलांमधलं एक मानाचं नाव आहे. पेल्यात गुलाबाचा थेंब नसतो, नावात मात्र तो अजून आहे.

'सरबत'ची गोष्ट याहून सरळ. अरबीतल्या 'पिणे' या एका धातूपासून 'शरबत' आणि 'शराब' हे दोन्ही शब्द निघाले. अरबीत 'शराब' म्हणजे कुठलंही पेय. फारसी-उर्दूत ते मद्याला चिकटलं. युरोपच्या वैद्यांनी तोच शब्द 'सिरप' म्हणून उचलला. म्हणजे दुकानात आपण 'रोझ सिरप' मागतो तेव्हा एका अर्थी गुलाबाची शराबच मागत असतो. आणि 'दारू'? फारसीत दारू म्हणजे औषध. 'दवादारू' या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. मराठेशाहीच्या कारखान्यांच्या याद्यांत शरबतखाना आणि दारूखाना दोन्ही आढळतात, पण तिथला दारूखाना बंदुकीच्या दारूचा. दिवाळीत आपण उडवतो ती 'शोभेची दारू' याच अर्थाची.

कोशाच्या न्यायालयात पुतण्या निर्दोष सुटतो. सरबत, शराब, सिरप एकाच घरातले. दारू म्हणजे औषध. जुलाब म्हणजे गुलाब. पण माणसं कोशात राहत नाहीत.

फुलांच्या पेयांबद्दल हल्ली दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ही शहरी पोरांची विलायती नक्कल. दुसरा म्हणतो, हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं. दोन्ही सूर अर्धवट माहितीवर उभे आहेत असं मला वाटतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २५ व्या अध्यायात, ८४ आसवांची गणना आहे: धान्याची ६, फळांची २६, मुळांची ११, झाडांच्या गाभ्याची २०, फुलांची १०, कांडांची ४, पानांची २, सालींची ४ आणि साखरेचं १. फुलांच्या दहांत बहुतेक नावं कमळांची आणि कुमुदांची आहेत. उरलेल्यांत मधूक म्हणजे मोह आणि धातकी म्हणजे धायटी आहे. यादीत 'शतपत्र'ही आहे, पण तिथं ते कमळाच्या जातीचंच नाव. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'शतपत्री' म्हणून जे फूल येतं, ते गुलाब धरलं जातं. चरकाच्या 'शतपत्रा'चा अर्थ गुलाब लावून अडीच हजार वर्षांची परंपरा उभी करणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा.

मला ही यादी महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणानं. तीत फुलांची तीन कामं दिसतात. मोहाच्या फुलात साखर असते, म्हणून त्याची दारू होते. धायटीच्या फुलांबरोबर आंबवणारे सूक्ष्मजीव येतात, म्हणून आजही आसव-अरिष्टांत धायटी घालतात. कमळ वास आणि गुण देतं. गुलाब या तिसऱ्या रांगेतला. त्याच्या पाकळीत आंबण्याजोगी साखर जवळजवळ नाही. म्हणून गुलाबाची दारू होत नाही. दारूला गुलाबाचा वास देता येतो, एवढंच. गंमत अशी की गुलाबपाण्याच्या वासातला एक प्रमुख घटक, फेनिलइथाइल अल्कोहोल, यीस्ट आंबवताना स्वतःही थोडासा तयार करतं.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. ते कल्याणी, म्हणजे बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या शिवेला लागून आहे. राजानं काय प्यावं याचा विचार त्यात अन्नाच्या विचाराइतकाच मन लावून केला आहे: पाणी कुठलं, ते फुलांनी सुवासिक कसं करायचं, पानकं कशी करायची. मद्यपानाचाही प्रसंग त्यात येतो. एकाच ग्रंथात, एकाच लेखणीनं. पुढं ही दोन्ही एका पानावर राहिली नाहीत.

ती वेगळी कशी झाली? माझ्या समजुतीप्रमाणं हे काम तिघांनी केलं: कायद्यानं, रंगभूमीनं आणि पाकपुस्तकानं.

मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. १८९२ साली तर मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा झाला. एक फूल सरकारी संशयिताच्या यादीत गेलं. आमचा जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथं अबकारी हा खजिन्याचा मोठा आधार होता. बंदीपेक्षा मक्त्याची भाषा जास्त चाले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. १९५६ साली मराठवाडा त्या राज्यात आला आणि त्यापाठोपाठ तो कायदाही. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्यानं परवाना बाळगावा असा नियम आहे, आणि कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची. विकत आणलेल्या दारूत सरबत मिसळणं वेगळं. घरी आंबवणं किंवा गाळणं हा गुन्हा. त्याच घरात अरविंदासव मात्र चालतं. अरविंद म्हणजे कमळ. आईनं लहानपणी आम्हा दोघा भावांना ते चमच्यानं पाजलं. 'स्वयंजनित अल्कोहोल' अशी नोंद अशा बाटल्यांवर असते, पण ती कोण वाचतो?

दुसरी रंगभूमी. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगमंचावर आलं. मराठी साहित्यातला मद्याचा विचार आजही त्याच नाटकाच्या सावलीत उभा आहे. सुधाकराच्या प्याल्यात काय होतं, त्याची चव कशी होती, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. नाटकाला चवीशी कर्तव्य नाही, संख्येशी आहे, आणि ती संख्या शीर्षकातच आहे. तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळावर आपण हसतो आणि सिंधूसाठी रडतो; मधे चवीला जागाच नाही. पुढं माधव जूलियनांनी १९२९ साली उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. गुलाब आणि मद्य पुन्हा एका पुस्तकात आले. पण आपल्या वाचकांनी त्या मद्याला ताबडतोब प्रतीक करून टाकलं. म्हणजे मराठीत मद्य एक तर विष, नाही तर अध्यात्म. पेय म्हणून त्याच्याकडं पाहायला आपण शिकलो नाही.

तिसरं पाकपुस्तक. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. या परंपरेनं घरातली चव मापात आणि शब्दांत पकडली, हे तिचं फार मोठं काम. सरबतं तिच्या वाट्याला आली. मद्य आलं नाही, येणं शक्यही नव्हतं. प्याला पुरुषाचा आणि घराबाहेरचा. सरबत बाईचं आणि घरातलं. चवीची भाषा सगळी सरबताकडं गेली, परिणामाची सगळी प्याल्याकडं. पुतण्या ओट्याशी उभा होता तो नेमका या दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर. त्याच्या हातातल्या वस्तूला आज मराठीत नाव नाही. म्हणून त्यानं जवळचं, निरुपद्रवी नाव उचललं.

मी पीत नाही. पण चाखल्याशिवाय टीका करू नये, म्हणून त्या रात्री पुतण्याला म्हणालो, मलाही एक दे. त्याचं माप असं: जिन ६० मिलिलिटर, गुलाबाचं सरबत २०, लिंबाचा रस १५, वर बर्फ आणि सब्जा. आधी त्यानं लिंबाऐवजी मोसंबी पिळून पाहिली होती. जालन्याची मोसंबी, भौगोलिक मानांकनवाली. ते जमलं नाही. मोसंबीत आंबटपणा कमी, त्यामुळं पाकाची गोडी तुटत नाही, आणि रस थोडा वेळ राहिला की कडवटतो. इथं कागदी लिंबूच हवं.

आमच्या घरचं सरबत गावठी गुलाबाचं. पाकळीचा बुडाचा पांढरा भाग कडू असतो, तो काढून टाकतात. पाकळ्या गरम पाकात झाकून ठेवतात, उकळत नाहीत, कारण उकळलं की वास उडून जातो. रंग बाजारच्या बाटलीसारखा लालभडक येत नाही, मळकट येतो. पण लिंबू पडताच तो उजळ गुलाबी झाला. पाकळीतला रंग आंबटानं उजळतो. बाजारच्या रंगाला अशी किमया येत नाही. वासही पाण्यातल्या सरबतापेक्षा जास्त मोकळा वाटला. पेय चांगलं होतं, हे मला प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे.

आणि तिथंच माझी हरकतही आहे. ६० मिलिलिटर म्हणजे एक पटियाला नव्हे, पण दोन छोटे पेग. त्यातला जाळ साखरेनं, लिंबानं आणि बर्फानं पूर्ण झाकला होता. माझा पेला दहा मिनिटांत संपला, आणि संपल्यावर कळलं की मी काय प्यालो. नुसती दारू आपली ओळख पहिल्या घोटालाच देते. गुलाब ती ओळख लपवतो. जुन्या वैद्यांनी गोड जुलाब याचसाठी वापरला होता, कडू ते घशाखाली नकळत जावं म्हणून. औषधाच्या बाबतीत ही युक्ती झाली. रोजच्या पेल्याच्या बाबतीत तिला काय म्हणायचं? गडकऱ्यांच्या नाटकाला चव नाही असं मी वर म्हटलं. पण संख्या मोजा, हा त्या नाटकाचा आग्रह खोटा नाही, आणि गोड पेल्यात तर मोजणं जास्तच अवघड. माझ्या भावाला कुणी गुलाब घालून दिला नव्हता. तरी त्याचीही सुरुवात "काही नाही, थोडं औषध" अशाच एका शब्दानं झाली होती.

म्हणून माझं म्हणणं ना बंदीचं, ना पूर्वजांच्या गौरवाचं. फुलाच्या मद्यपेयाला मराठीत जागा हवी, आणि ती पाकपुस्तकाच्याच पद्धतीनं हवी: उघड नाव, उघड माप, किती पेग आहेत हे स्पष्ट. चरकानं ८४ आसवं मोजली ती लपवायला नव्हे, वैद्याला काय देतो आहोत हे कळावं म्हणून. चवीची भाषा आणि परिणामाची भाषा पुन्हा एका पानावर आल्या, तर त्या पेल्याबद्दल आपल्याला खरं बोलता येईल. 'सरबत' हा शब्द मुळात खोटा नाही. त्या संध्याकाळी तो लपायला वापरला, एवढंच चुकलं. आणि त्यात पुतण्यापेक्षा माझा वाटा मोठा, कारण मला दोन्ही अर्थ ठाऊक होते.

हा लेख लिहून झाल्यावर मी आईजवळ बसलो आणि तिला सांगितलं, गेल्या पाडव्याला ते सरबत नव्हतं. ती वाती वळत होती. म्हणाली, "मला आला होता की वास. गुलाबाच्या आतून." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्याला म्हणावं, मला खरं सांगत जा. मी काय ओरडणार हाय का आता?"

यंदा पुतण्या येणार आहे. ओट्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या, असं ठरलं आहे.