सोडत की धोका? : अतिधोकादायक उद्योगांतील शासकीय सुरक्षा-निरीक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक : भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. सर्व कारखाने सारखेच धोकादायक नसतात, ही त्यामागील भूमिका होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. तिच्यातील निरीक्षणविषयक भूमिकेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

विवेचन : संहितेने निरीक्षकाच्या पदनामास 'सुविधादाता' ही भूमिका जोडली आणि निरीक्षणासाठी यादृच्छिक निवडीस, म्हणजे एका अर्थी सोडतीस, वाव दिला. 'इन्स्पेक्टर राज'विषयीची उद्योजकांची तक्रार निराधार नव्हती. कोणाच्या दारात केव्हा जायचे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असले की गैरव्यवहार शिरतो. सोडतीने ही मर्जी दूर होते. धोका मात्र मोजला जात नाही. प्रचंड उष्णता निर्माण करणारी रासायनिक अभिक्रिया चालविणारा कारखाना आणि पुठ्ठ्याची खोकी बनविणारा कारखाना यांना सोडतीत समान स्थान देणे, हा न्याय नव्हे.

खेड तालुक्यातील लोटे-परशुराम ही रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. मार्च २०२१ मध्ये तेथील घरडा केमिकल्समधील स्फोटात आणि पुढच्याच महिन्यात वसाहतीतील दुसऱ्या कारखान्यातील दुर्घटनेत कामगारांचे बळी गेले. एका दुर्घटनेनंतर शेजारच्या कारखान्याची तपासणी तातडीची ठरते, हे सोडतीला कळत नाही.

संहितेत निकषाधारित विशेष निरीक्षणाचीही तरतूद आहे, ही जमेची बाजू होय. परंतु अतिधोकादायक उद्योगांत हा अपवाद न राहता नियम व्हावयास हवा. घातक रसायनांचा साठा, अभिक्रियेचे स्वरूप, पूर्वीचे अपघात व कंत्राटी कामगारांकडून होणारी देखभाल-दुरुस्ती हे त्याचे निकष असावेत. भारताने १९४९ मध्ये अनुसमर्थन दिलेला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्र. ८१ निरीक्षकाकडून सल्ल्याचीही अपेक्षा करतो. मात्र पूर्वसूचनेविना प्रवेशाचा त्याचा अधिकारही तो मान्य करतो. सल्ला हा तपासणीचा पर्याय ठरू नये.

निष्कर्ष : कोणता कारखाना तपासावा हे धोक्याने ठरवावे, कोणत्या निरीक्षकाने तपासावा हे सोडतीने. अशा विभागणीत उद्योजकाची तक्रार व कामगाराचा जीव या दोहोंची दखल घेतली जाईल. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांतून रसायनशास्त्राची पदवी घेतलेले विद्यार्थी याच वसाहतीत नोकरीस जातात. त्यामुळे हा प्रश्न अध्यापकवर्गासही परका मानता येणार नाही.