सुरतेचा तह आणि साष्टी : कारण कोणतें, निमित्त कोणतें ?

मराठ्यांच्या घरच्या कलहांत मुंबईकर इंग्रज कां पडले, या प्रश्नास आपल्याकडे एकच उत्तर रूढ आहे : राघोबादादांनीं बोलाविलें म्हणून. वर्गांत तीस वर्षें मींही तेंच सांगितलें. मरोळ हें साष्टींतलेंच गांव. यास्तव सुरतेचा तह मीं पुन्हा वाचला, व तारखा लावून पाहतां हें उत्तर टिकत नाहीं, असें आढळलें.

तह 6 मार्च 1775 चा. राघोबांनीं साष्टी, वसई व मुंबईलगतचीं बेटें द्यावीं, इंग्रजांनीं अडीच हजार फौज पुरवावी व तिच्या खर्चाबद्दल दरमहा दीड लक्ष रुपये घ्यावे, असें त्यांत ठरलें. परंतु ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं डिसेंबर 1774 च्या अखेरीसच हल्ला करून घेतला होता; त्यांचा कमोडोर वॉटसन त्या वेढ्यांत प्राणास मुकला. पाठोपाठ सारी साष्टी त्यांच्या हातीं गेली. म्हणजे दात्याजवळ जें नव्हतें तें त्यानें दिलें, आणि घेणाराच्या पदरीं तें आधींच होतें! यास दानपत्र कसें म्हणावें? त्यापूर्वींच्या बोलण्यांत तर राघोबा साष्टी-वसई सोडण्यास राजी नव्हते. गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येतें, ही वार्ता कळतांच मुंबईच्या कौन्सिलानें तहाची वाट न पाहतां तोफा लाविल्या.

हेच इंग्रज 1737 ते 1739 या काळांत, मराठे पोर्तुगीजांशीं झगडत असतां, पोर्तुगीजांस थोडें साहाय्य देण्यापलीकडे गेले नाहींत. वसई पडतांच कॅप्टन इंचबर्ड यास पाठवून त्यांनीं चिमाजी अप्पांशीं व्यापाराचा तह केला. कौटिल्य स्वतःच्या वृद्धीसाठीं थांबण्यास आसन म्हणतो, व उपायांचा प्रयोगच न करण्यास उपेक्षण. इंग्रजांचें तें आसन होतें. आपण तें उपेक्षण मानीत आलों. 1661 च्या आंदणांत मुंबईबरोबर साष्टीही आली, हा त्यांचा दावा राघोबांच्या जन्माहून जुना. मुंबई बेटाचा दाणागोटा बाहेरून येई, आणि साष्टी ज्याची त्याच्या हातीं मुंबईचें दार. 1739 त समोर एकजूट सत्ता होती. ऑगस्ट 1773 त नारायणरावांचा खून झाला, बारभाई व राघोबा परस्परांवर उठले, तेव्हां थांबण्याचें प्रयोजन सरलें.

राघोबा यामुळें निर्दोष ठरत नाहींत. शत्रूस निमित्त पुरविणें हाही अपराधच, आणि पुढें गुजराथेंत इंग्रजी फौज आली ती त्यांच्याच नांवानें.

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारनें हें युद्ध अन्याय्य ठरविलें, हा आक्षेप कोणी घेईल. ठरविलें खरें, व कर्नल अप्टन यास पुण्याकडे धाडलें. मात्र 1 मार्च 1776 च्या पुरंदरच्या तहानें साष्टी इंग्रजांकडेच राहिली. 1782 च्या सालबाईच्या तहांत वसई परत आली; साष्टी आली नाहीं.