शेखांची कात्री

शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघाली की वाडेगावहून पातूरला येते आणि पुढे मेडशीची वाट धरते. अभंग इथल्या माणसाच्या कानात तर असतोच, पण पायांतही असतो. लय त्याला आपोआप कळते, म्हणून वाटते, प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा चित्रपट आपल्याकडच्या माणसाने एकदा संकलनासाठी पाहावा. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस, संगीतकार केशवराव भोळे ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. संकलक ए. आर. शेख यांचे नाव मात्र सहसा कुणी घेत नाही.

सुरुवातच पाहा. तुकाराम डोळे मिटून गातो आहे. कॅमेरा स्थिर, गाणाराही स्थिर. दृश्य बदलण्याची कुणालाच घाई नाही. त्या संथपणात आपण रुळलो की एकदम देऊळ येते आणि तोच अभंग तुकारामाचा प्रतिस्पर्धी सालोमालो स्वतःचा म्हणून गाऊ लागतो, हातवारे करत, लोकांवर नजर ठेवून. हा चोर आहे, असे कुणी सांगत नाही. खरे गाणे आणि उचललेले गाणे एकाला एक जोडले, तिथेच निवाडा झाला. आधीचा तुकाराम तेवढा वेळ पडद्यावर राहिला नसता, तर सालोमालोचे हातवारे नुसते विनोदी वाटले असते. माझ्या मते शेखांची खरी कारागिरी या थांबण्यात आहे.

आणि असे थांबून नेमके कापणे तेव्हा सोपे नव्हते. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. मिनिटाला नव्वद फूट फिल्म पळायची. गाण्याच्या मधोमध कात्री लावायची तर दोन्ही पट्ट्या जुळल्या पाहिजेत, नाहीतर ओठ एकीकडे आणि सूर दुसरीकडे.

शेवटाकडे कात्रीची चाल बदलते. वैकुंठाचे विमान येते आणि तुकारामाची बायको आवली स्वयंपाकात गुंतलेली असते. अशा प्रसंगी चमत्कारातच रमण्याचा मोह कुणालाही होईल. इथे चूल आणि आकाश दोन्ही सोबत चालतात, म्हणून आवलीचे दुःख चमत्काराखाली दडपले जात नाही.

१९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. चित्रपट आजही पाहायला मिळतो. पहिला प्रसंग आधी आवाजासह पाहा, मग आवाज बंद करून. सालोमालोची चोरी तरीही कळते.